रेषेबाहेरची खेळाडू

नागपुरातल्या एका क्लबच्या मुलींचा बास्केटबॉल संघ बाद फेरीत पोहोचला, आणि अध्यक्ष घाटोळेसाहेबांना एकाएकी खेळ कळू लागला. त्यांनी प्रशिक्षक नलिनी उमाठेंना कार्यकारिणीपुढे उभं केलं.

"मॅडम, तुमच्या पोट्ट्या रिंगखाली घुसून दोन-दोन गुण गोळा करतात. समोरच्यांनी आत भिंत उभी केली, की मग काय? रेषेबाहेरून तीन गुणांचा चेंडू मारणारी एकही नाही तुमच्याकडे."

"नाही," नलिनीताई म्हणाल्या.

"रेषेबाहेर पाय रोवून उभी राहील, कुणी काही केलं तरी हटणार नाही, अशी एक तरी दाखवा. आत्ता कर्णधार करतो."

नलिनीताईंनी खिडकी उघडली. खाली मैदानावर, तीन गुणांच्या रेषेबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत साहेबांची पांढरी गाडी उभी होती. मोसमाच्या सुरुवातीला तिच्या काचेला चेंडू लागला, तेव्हापासून साहेबांनी लांबून चेंडू मारायलाच बंदी घातली होती.

"ती बघा, साहेब. सगळा मोसम तिथेच उभी आहे. पोरींनी हात जोडले, मी अर्ज केले, हटली नाही. करा कर्णधार."

साहेबांनी ड्रायव्हरला फोन करून गाडी हलवायला सांगितलं.

ऊन फिरलं होतं. ड्रायव्हरने सावली बघून गाडी पुढे घेतली आणि क्लबच्या एकुलत्या एका धड रिंगखाली लावली.

"घ्या," साहेब म्हणाले, "आता बाहेर जागाच जागा आहे."