धाकूची वाकडी फळी

तुमच्या पणजोबांचे पणजोबा रांगत असतील-नसतील, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या तिवरगाळच्या खाडीवर तेव्हा होड्या बांधायचे, आणि त्यांच्या फळ्या कापायचे धाकू आणि झिलू. ओंडका उंचावर चढवायचा, एकानं त्याच्यावर उभं राहायचं, एकानं खाली, आणि माणसाएवढी करवत दोघांनी वर-खाली ओढायची. वर झिलू, कारण रेघ धरून करवत सरळ नेणं त्यालाच जमायचं. खाली धाकू, डोळ्यांत भुसा घेणारा. बारा वर्षं जोडी मोडली नाही, भांडणं मात्र रोज व्हायची, असं म्हणतात.

मग झिलूला खोकला लागला, आणि खोकल्यातून रक्त पडायला लागलं. वैद्यबुवांनी नाडी बघितली. बाहेर येऊन झिलूच्या बायकोला, बायजाला, म्हणाले, "पोटात अन्न जात राहिलं तर आशा आहे. नाहीतर शिमगा काही दिसत नाही."

धाकू घाबरला. झिलूच्या जिवाला घोर नको म्हणून त्यानं आपल्या चुलतभावाला ओंडक्यावर चढवलं, आणि संध्याकाळी जाऊन मोठ्या प्रेमानं सांगितलं, "तू निवांत पड. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही."

आता तुम्हीच सांगा, असं कुणी बोलतं का? पण आपण सगळे असंच बोलतो. झिलूनं पेजेची वाटी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवस त्यानं घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी बायजा धाकूच्या दारात उभी. "भावजी, काय बोललात तुम्ही त्यांना? ते म्हणतात, आता उठून करायचंय काय." धाकू तिच्यासमोर ढसाढसा रडला.

त्याच दिवशी त्यानं चुलतभावाला घरी पाठवलं. वरची जागा रिकामी ठेवली आणि एकटा कापायला लागला. दोघांची करवत एकट्यानं कशी ओढली, यावर गावात अजून वाद आहे. कुणी म्हणतात, वर वाकवून बांबू बांधला होता, तो करवत खेचायचा. कुणी म्हणतात, कसला बांबू घेऊन बसलात, करवत आपली आपण वर जायची, आणि ओंडक्यावरच्या भुशात झिलूची पावलं उमटलेली असायची. झिलू तर अंथरुणावर. मला विचाराल तर मला बांबू पटतो, पण पावलं आवडतात.

फळी मात्र वाकडी निघाली. धाकू ती खांद्यावर टाकून थेट झिलूच्या पडवीत गेला.

"बघ काय झालंय. कुठं चुकलं ते सांग."

झिलूनं डोळे उघडले. "अरे गाढवा, गाठीपाशी करवत दाबलीस कशाला?" एवढ्यानंच त्याला दम लागला. "थांब, नीट सांगतो."

पण नीट सांगायला उठून बसावं लागतं, आणि बसायला अंगात बळ लागतं. बायजानं पेज पुढं केली. धाकूवर चिडत चिडत त्यानं ती संपवली.

मग रोज एक वाकडी फळी आणि रोज वाटीभर पेज. ज्याची होडी बांधत होते तो तांडेल बोंबलत होता, माझं लाकूड फुकट गेलं म्हणून. धाकू गुमान ऐकून घ्यायचा. शिमगा आला तेव्हा झिलू होळी बघायला दारापर्यंत चालत आला. पुढचे अकरा शिमगेही त्यानं पाहिले. आणि त्या वाकड्या फळ्यांच्या होडीत कधी थेंबभर पाणी शिरलं नाही, असं म्हणतात.

लोक धाकूला मरेपर्यंत विचारत राहिले, मुद्दाम वाकडी कापायचास का रे? तो म्हणायचा, "छे, हात बसला नव्हता." बारा वर्षं करवत ओढलेला माणूस हा.

आमच्या गावात आजही आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही, आणि फळंही नेत नाही. आपलं काहीतरी बिघडलेलं नेतात. जाळ्याचा गुंता, उसवलेली चोळी, पोराची चुकलेली गणितं. याला म्हणतात धाकूची फळी नेणं.

मागल्या वर्षी मी तीन महिने अंथरुणाला खिळले होते. जगायचा कंटाळा आला होता, खरं सांगते. तेव्हा शेजारची सुलभा लोणच्याची बरणी घेऊन आली. "काकू, बुरशी धरली बघा. काय चुकलं?" तिला लोणचं माझ्यापेक्षा चांगलं जमतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. मी उशी सरकवली, उठून बसले, आणि तिला चांगला अर्धा तास फैलावर घेतलं.