काढलेला फोटो

त्रिंबकराव मिराशी हे तालुक्यातले जुने छायाचित्रकार. हौसाबाईची सात वर्षांची लेक धर्मार्थ रुग्णालयात अखेरच्या दुखण्यात असताना, आईच्या मांडीवर निजलेल्या त्या मुलीचा फोटो त्यांनी काढून दिला होता. "हा माझ्यापाशीच राहील ना, दादा?" एवढेच हौसाबाईने विचारले, आणि त्यांनी शब्द दिला.

मुलगी गेली. महिन्याभरात रुग्णालयाचे अध्यक्ष आबासाहेब निंबाळे यांनी मिराशींना बंगल्यावर बोलावले. देणग्यांच्या जाहिरातीसाठी त्यांना तोच फोटो हवा होता.

"आईची संमती नाही," मिराशी म्हणाले.

"तिला कशाला विचारायचं? फोटो कोणी काढला?"

"मी."

"मग ज्यानं काढला, त्याचा फोटो. हेही मीच शिकवायचं का तुम्हाला?"

मिराशी उठले. भिंतीवरची चंदनी हार घातलेली तसबीर त्यांनी दोन्ही हातांनी खिळ्यावरून उचलली.

"अहो, हे काय करता?"

"हाही फोटो मीच काढला होता. आपल्या नियमाने तो माझा, म्हणून आज पुन्हा काढतो आहे. एका साबणवाल्याला जाहिरातीसाठी भारदस्त चेहरा हवाच आहे."

"खाली ठेवा तो. ते माझे वडील आहेत."

"आणि ती हौसाबाईची लेक आहे," मिराशी म्हणाले. त्यांनी तसबीर जागेवर लावली आणि हार सरळ केला.

त्या वर्षी जाहिरातीत रुग्णालयाची नुसती इमारत छापली गेली.