कपाटाखालचा दांडा

फार मागे, एका दुपारी बरोबर सव्वाचारला, रिमोटच्या गाडीतला दांडा निखळून कपाटाखाली घरंगळला. मोटरची फिरकी चाकापर्यंत नेणारा तोच. उंबरा उतरताना हादरे झेलणारी चाकावरची स्प्रिंग "मी नाही दबणार!" म्हणून ताठ राहिली आणि सगळा हादरा त्याला बसला.

बाहेर मोटर नुसती घुं घुं करत होती. "गाडी बाद झाली, उद्या भंगारात देऊ," घरातली आई म्हणाली. अंधारात दांड्याला विचारणारं कुणीच नव्हतं.

मुंगी आली. "काय रे, गाडी तिकडे नि तू इथे लोळतोस?"

"मुंगीताई, स्प्रिंगला म्हणावं, माझा राग नाही. तुम्ही सगळे मला शोधा, आणि पुढच्या उंबऱ्याला तू थोडी दब गं."

मुंगीला स्प्रिंग काही सापडली नाही, म्हणून तेव्हापासून मुंग्या वाटेत तोंडाला तोंड लावून एकमेकींना तोच निरोप देतात. तुम्हाला ती स्प्रिंग भेटली, तर तुम्हीही सांगा.