हळदीचा हात आणि दालचिनी

फार पूर्वी, घाटाच्या पायथ्याला एक बाप आणि त्याची लेक राहत होती. लेकीची आई ती रांगत असतानाच गेली. परसात दालचिनीचं झाड होतं, आणि त्यावरच दोघांचं सगळं चालायचं. भाताला त्याचं पान, खोकल्याला त्याच्या सालीचा काढा, तोंडाला चव नसली की पेजेत चिमूटभर पूड.

दर दोन वर्षांनी, पाऊस ओसरला की बाप झाडाच्या काठ्या बुडातून कापायचा. लेक हलक्या हाताने साल सोडवून सावलीत पसरायची. वाळता वाळता साल आपोआप गुंडाळायची.

"बघा बाबा, पांघरूण ओढून निजली," असं ती म्हणायची. दर वेळी म्हणायची, आणि बाप दर वेळी हसायचा.

मग लेकीचं लग्न झालं. सासर घाटाच्या वर. निघताना ती परसात गेली आणि तिने झाडाला हळदीचा हात लावला.

पहिल्याच पावसात हळद धुऊन गेली. बापाला मात्र तो हात तिथेच दिसायचा. रोज संध्याकाळी तो त्या जागेवर आपला तळवा ठेवून उभा राहायचा. झाडाला त्याने पुन्हा कोयता लावला नाही.

अशी सात वर्षं गेली. झाड घराच्या वर गेलं.

एक दिवस घाटावर मीठ नेणारा बैलवाला दारात थांबला. "म्हातारबा, आजोबा झालास! नात झाली. पण लेकीचं बरं नाही. ताप गेला, तोंडाची चव काही येत नाही. घास फिरवते नि थुंकते. वैद्य म्हणतो, पोटात अन्न गेलं नाही तर अंगात काही राहणार नाही. ती म्हणते, घरची दालचिनी आणा."

बाप धावत परसात गेला. हाताची जागा सोडून त्याने मागच्या बाजूने बुंध्याची साल खरवडली. चपलेच्या तळासारखी जाड साल निघाली. ती फडक्यात बांधून त्याने बैलवाल्याकडे दिली.

आठ दिवसांनी बैलवाला परतला. फडकं तसंच होतं.

"तिने हुंगली नि खाली ठेवली. म्हणाली, बाबांनी घर बदललं का?"

बाप फडकं घेऊन झाडापाशी गेला, बैलवाला त्याच्या मागोमाग.

बैलवाल्याने झाडाकडे वर पाहिलं. "जून सालीला कसला वास? कोवळी साल आहे वर, शेंड्याला. चढतोस का या वयात? कापावं लागेल, म्हातारबा."

"कसं कापू? तिचा हात आहे इथे."

"हात तिथे आहे," बैलवाला घाटाकडे बोट दाखवत म्हणाला. "काडीसारखा झालाय."

बाप आत गेला आणि कोयत्याला धार लावू लागला. धार लावताना त्याचे डोळे वाहत होते, पण हात थांबला नाही.

झाड पडलं. शेंड्याच्या कोवळ्या फांद्या अंगणात आल्या, आणि सात वर्षांनी घरभर तो वास भरला. साल वाळली, गुंडाळली. या वेळी बापाने ती कुणाच्या हाती दिली नाही. पाठीला गाठोडं बांधून तो काठी टेकत स्वतः घाट चढला.

लेक आत भिंतीकडे तोंड करून निजली होती. बाप अजून ओसरीवरच होता, तोच ती म्हणाली, "बाबा आले."

सुनेला कधी कौतुकाचा शब्द न बोलणारी सासू धावत चुलीकडे गेली. पेज झाली, पूड पडली. पहिला घास लेकीने गिळला. दुसरा मागितला.

दालचिनी काही अमृत नव्हे, बाळांनो. पण ओळखीची चव जिभेवर आली की हरवलेली भूक वाट शोधत येते.

महिनाभराने, लेक उठून चालू लागल्यावर बाप घरी परतला. परसात झाडाच्या जागी मोकळं आभाळ पाहावं लागणार म्हणून तो हळूहळूच मागे गेला. बुंधा होता. आणि बुंध्यातून लालसर, कोवळे, पाच कोंब वर आले होते. पसरलेल्या पंजासारखे.

बापाने त्यांच्याजवळ आपला तळवा धरला, आणि पुष्कळ दिवसांनी तो हसला.

त्यानंतर दर दोन वर्षांनी तो काठ्या कापायचा आणि ओली साल घेऊन घाट चढायचा. लेकीच्या अंगणात ती वाळून गुंडाळताना आता नातही म्हणायची, "पांघरूण ओढून निजली."

माया धरून ठेवली की जून होते, दिली की पुन्हा फुटते.