राजाने वेचलेला डोंगर

एका राज्यात एक डोंगर होता आणि एक राजा होता. डोंगर आधीचा, म्हणून त्याचे नाव आधी घेतले. फार पूर्वी तो आग ओकत असे. मग थकला, निवला, आणि त्याच्या काळ्या अंगावर मातीचा पातळ थर चढला. माती कसली, वीतभर मुरूम आणि त्यात दगडगोटे! पण त्याच मुरमात नाचणी पिके, वरई पिके, आणि भाद्रपदात सारा उतार तेरड्याने गुलाबी होई.

राजाचे नाव रत्नकेतू. राणी देवाघरी गेलेली, मागे एकुलती एक लेक इंदुलेखा. तिला शिंक आली तरी राजवैद्याला धावत यावे लागे. एके दिवशी ती तेरडा तोडायला अनवाणी डोंगरावर पळाली, दगडाला ठेचकाळली आणि अंगठा धरून रडू लागली. मुले ठेचकाळतात, रडतात, घटकाभराने विसरतात. इंदुलेखाही विसरली. राजा मात्र विसरला नाही.

"प्रधानजी," राजा म्हणाला, "डोंगरावर एकही दगड राहता कामा नये."

"महाराज, डोंगरच तो. दगड असायचेच."

"माझ्या लेकीच्या वाटेत नकोत."

झाले! राजाज्ञा सुटली. हिवाळाभर सारी प्रजा दगड वेचत राहिली आणि खालच्या ओढ्यात टाकत राहिली. उन्हाळ्यात डोंगर सारवलेल्या अंगणासारखा झाला. इंदुलेखा त्यावर मनसोक्त धावली, राजाने टाळ्या पिटल्या. मग पावसाळा आला. चार सरी पडल्या न पडल्या तोच सारी माती गढूळ होऊन खाली वाहिली आणि वर उरला नुसता काळा कातळ.

तेव्हा डोंगरमाथ्याच्या भेगेतून अंगारनाथ जादूगार बाहेर आला. त्याची दाढी धुराची होती. डोंगर निवला तेव्हापासून तो आत झोपलेला होता, आणि झोपमोड झाल्यामुळे चांगलाच चिडला होता.

"राजा, माझ्या डोंगराला तू उघडे केलेस. त्याचे दगड नेलेस. आता तुझी मुलगी मी दगड करून ठेवून घेतो."

राजासमोर कातळावर धावणारी इंदुलेखा जागीच थांबली. एक पाऊल उचललेले, तशीच ती दगडाची झाली.

राजाने मुकुट काढून जादूगाराच्या पायाशी ठेवला. "मला दगड करा. तिला सोडा."

"तू दगड होऊन कोणाचे भले होणार? तीन कामे कर. या उतारावर पावसात टिकेल अशी माती आण. भांड्यावाचून पाणी साठव आणि भर उन्हाळ्यात मला दाखव. आणि एखादे पाखरू इथे आपल्या खुशीने अंडे घालील असे कर. तिन्ही झाली की लेक तुझी."

एवढे बोलून तो पुन्हा भेगेत शिरला.

राजाने नदीकाठची काळीभोर माती बैलांवर लादून वर आणली. एका पावसात ती गेली. पुन्हा आणली, पुन्हा गेली. पाण्यासाठी तळे खोदू म्हटले, तर कातळावर पहारी वाकल्या. सोन्याचे पिंजरे उघडून मोर सोडले, मैना सोडल्या. त्यांनी खाली एकदा पाहिले आणि जी भरारी घेतली ती राज्याच्या सीमेपलीकडे. राजा आता वाड्यात जाईना. तो लेकीशेजारी बसे, उपरण्याने तिच्या तोंडावरची धूळ पुसे आणि तिला तिच्या आवडत्या गोष्टी सांगे. ती ऐकते की नाही, हे त्याला कळत नसे. तेच त्याला सर्वांत जड जाई.

एका दुपारी तो पाणी प्यायला ओढ्यात उतरला, तोच टिटवी ओरडली, "पाय जपून टाक! अंडी आहेत."

राजाला आधी नुसते दगडच दिसले. मग त्यांतले चार दगड अंडी आहेत, हे ध्यानात आले.

"ओढ्यात का घातलीस?" राजाने विचारले. "पूर आला की वाहून जातील."

"दर वर्षी जातात. पूर्वी मी डोंगरावर घालत असे. दगडांत दगडासारखी दिसत, घारीला कळत नसत. दगड तू इथे आणलेस, मग मी कुठे जाऊ?"

राजाने त्या अंड्यांकडे पाहिले. आपल्या लेकराला ठेच लागू नये म्हणून हिची किती लेकरे गेली, हे त्याला उमगले आणि त्याला रडू कोसळले.

"दगड परत नेले तर येशील?"

"नेऊन तर बघ. राजांचे बोलणे मी पुष्कळ ऐकले आहे."

राजाने एक दगड उचलून खांद्यावर घेतला आणि चढू लागला. पालखी घेऊन प्रधान धावत आले. "आलात तर एक तुम्हीही उचला," राजा म्हणाला. प्रधानांनी आपल्या पोटाकडे पाहिले, सुस्कारा सोडला आणि उचलला. मग प्रजा आली. ज्यांनी दगड वेचले होते त्यांनीच ते परत नेऊन उतारावर आडवे मांडले. ओढ्यात साचलेला मुरूम पाट्या भरभरून त्यांच्यामागे घातला. पाऊस आला. पाणी दगडाशी अडे, मूठभर माती ठेवी आणि पुढे जाई. काही पावसाळे असेच गेले. राजाची दाढी पांढरी झाली, आणि उतारावर पुन्हा तेरडा फुलला.

पुढच्या उन्हाळ्यात अंगारनाथ बाहेर आला. त्याने टाच आपटून माती पाहिली. ती जागची हलली नाही.

"पाणी?"

राजाने एक दगड उचलला. खालची माती ओली होती आणि तिथे एक गोगलगाय निजली होती. जादूगाराने बोट लावून पाहिले.

"पाखरू?"

"ते माझ्या हाती नाही," राजा म्हणाला. "टिटवीचे अंगण आहे. तिला वाटले तर येईल."

सगळे जरा मागे सरले. टिटवी आली. एक जागा तिला आवडली नाही, दुसरी आवडली नाही. अखेर इंदुलेखेच्या उचललेल्या पावलाखाली तिने चार खडे सारखे केले आणि अंडे घातले.

ते दगडी पाऊल हलले. अंड्याला चुकवून अलगद बाजूला टेकले.

"बाबा!" इंदुलेखा म्हणाली. दगडाला वय चढत नाही, ती होती तेवढीच होती. "तुमची दाढी अशी कशी झाली?"

आणि ती बापाकडे धावली. दोन पावलांवर दगडाला ठेचकाळली, आपटली आणि भोकाड पसरून रडू लागली.

ते रडणे ऐकायला राजाचे कान किती वर्षे आसुसले होते! त्याने धावत जाऊन तिला पोटाशी धरले. हसावे की रडावे, त्याला कळेना. प्रधान सवयीने वाकले आणि तो दगड उचलू लागले.

"राहू द्या, प्रधानजी. त्याची जागा तीच आहे."

अंगारनाथ झोपायला गेला. टिटवी अंड्यावर बसली. राजा तिथेच मुरमात मांडी घालून बसला आणि लेकीच्या अंगठ्यावर फुंकर घालत राहिला.