वाकोबाच्या पाठीचे चोवीस मणी

एक गाव होतं. गावात सुतार एकच, पण तोरा दहा सुतारांचा. त्याचं म्हणणं असं, की सांधा म्हणजे कच्चेपणा. त्यानं केलेला पाट घ्या, चौरंग घ्या, सगळं एकाच लाकडातून कोरलेलं. "सांधे जोडतो तो सुतार नव्हे, ठिगळं लावणारा शिंपी," असं तो पारावर बसून सांगायचा. गावचा शिंपी शेजारीच बसलेला असायचा. तो बिचारा सुपारी चघळत ऐकून घ्यायचा.

या गावाची एक रीत होती. देवीच्या जत्रेला माणसाएवढा लाकडी बाहुला देवळासमोर उभा करायचे. त्याचं नाव वाकोबा. दोरी ओढली की वाकोबा देवीला वाकायचा, आणि मगच महाप्रसादाच्या पातेल्यांवरची झाकणं निघायची. वाकोबा वाकला नाही तर गाव उपाशी. आधी लाकूड वाकवायचं आणि मग जेवायचं, ही अक्कल कुणाची ते विचारू नका. गावं अशीच असतात. तुमचं फार वेगळं असेल असं वाटत नाही.

त्या वर्षी वाकोबाला वाळवी लागली. अंगरखा उचलून बघतात तर आत नुसता भुसा. जत्रा दहा दिवसांवर आलेली.

पाटील म्हणाले, "सुतारमामा, नवा वाकोबा करा. पण वाकला पाहिजे हं! नाहीतर पुढच्या वर्षीपासून हा मान पलीकडच्या गावच्या सुताराला."

पलीकडच्या गावचा सुतार म्हणजे मामांचा सख्खा साडू. मामांच्या मिशा जागच्या जागी ताठ झाल्या.

मामांनी सागाचा एक सरळ सोट निवडला आणि आठ दिवस खपून वाकोबा घडवला. डोक्यापासून टाचेपर्यंत एकच लाकूड. कुठं जोड नाही, कुठं खिळा नाही. नाक तर असं धारदार, की देवळातल्या गुरवानं आपलं नाक चाचपून पाहिलं.

मामांची बायको गावातली तान्ही पोरं चोळायची. गावातलं एकूण एक अंग तिच्या तेलाच्या हाताखालून गेलेलं, पाटलांचंसुद्धा. ती वाकोबाभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अहो, ह्याच्या पाठीत कणा कुठाय?"

"हा अख्खाच कणा आहे!"

"माणूस असा नसतो हो. आत मण्यांची माळ असते."

"तू पोरं चोळ. लाकडातलं मला शिकवू नकोस."

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी चाचणी झाली. मामांनी ऐटीत दोरी ओढली. वाकोबा हलला, डुलला आणि तोडलेल्या झाडासारखा सरळच्या सरळ पाटलांच्या पायांवर आडवा झाला.

"मामा," पाटील अंगठा चोळत म्हणाले, "नमस्कार सांगितला होता. हे लोटांगण झालं!"

गाव पोट धरून हसलं. मामांनी वाकोबाला खांद्यावर टाकलं आणि घर गाठलं. मन घट्ट करून कंबरेपाशी कापलं, एक बिजागरी ठोकली आणि दोरी ओढली. वाकोबा अडकित्त्यासारखा खटकन मिटला आणि ते सुंदर नाक त्याच्याच गुडघ्यावर फुटलं.

मामा मटकन खाली बसले. "गेला मान. साडू आता गावभर मिरवणार."

"बंडी काढा," बायको म्हणाली.

"आत्ता?"

"काढा म्हणते ना!"

तिनं तेलाचं बोट त्यांच्या मानेवर ठेवलं आणि हळूहळू खाली नेलं. "मानेत सात. फासळ्या धरून ठेवणारे बारा. कंबरेत पाच. झाले चोवीस. त्याच्याखाली माकडहाडापर्यंत सगळं एकमेकाला चिकटलेलं, ते वाकत नाही."

खोटं वाटत असेल तर वाचता वाचता तुम्हीही मान खाली घाला आणि मागं बोट फिरवा. लागला ना टेंगळासारखा मणी? लोक बघतायत? बघू देत, त्यांनाही आहे.

"एकटा मणी इतकुसाच वाकतो," ती म्हणाली. "पण सगळे थोडे थोडे वाकतात, म्हणून माणूस देवापुढं वाकतो. दोन मण्यांत मऊ गादी असते, नाहीतर हाडावर हाड घासून पीठ पडेल. मण्यांमधून पोकळ वाट गेलीय, तिच्यातून डोक्याचा निरोप पायापर्यंत जातो. आणि मांसाला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून पुढं ओढायला एक दोरी आणि मागं ओढायला दुसरी."

"म्हणजे सगळे सांधेच?"

"सांधेच! गुडघ्याला बिजागरी, खांद्याला वाटीत बसलेला गोळा. सांधे काढले तर उरतो तो खांब."

मामांनी करवत घेतली. वाकोबाच्या गुळगुळीत पाठीवर ठेवली. हात काही चालेना.

"अगं, एवढं निखळ लाकूड मी जन्मात घडवलं नव्हतं. आता ह्याचे तुकडे तुकडे केले तर माझं काय राहील?"

"तुम्ही राहाल की," बायको म्हणाली.

मामांनी डोळे मिटले आणि करवत ओढली.

दुपारपर्यंत चोवीस तुकडे झाले. प्रत्येकाला मधोमध भोक पाडलं. आता मधल्या गाद्या हव्यात. घरातली जुनी घोंगडी काखेत मारून मामा शिंप्याच्या दारात उभे राहिले.

"शिंपीदादा, तेवीस छोट्या गाद्या शिवून दे बाबा."

शिंप्यानं सुपारी गालात सरकवली. "ठिगळं चालतील का मामा?"

"पळतील! पण शीव."

रात्री बसून मामांनी मणी आणि गाद्या एकाआड एक दोरीत ओवल्या, पुढं एक आणि मागं एक ओढायची दोरी बांधली. जत्रेच्या दिवशी गाव देवळासमोर जमलं. पातेल्यांतून वाफा येत होत्या आणि पोटांतून आवाज. साडूही मुद्दाम पुढं येऊन उभा राहिला होता, नवा फेटा बांधून. मामांनी पुढची दोरी ओढली.

आधी मान झुकली. मग पाठ गोल झाली, कुट कुट कुट, एकेक मणी आपली पाळी येईल तसा. शेवटी कंबर. वाकोबाचं फुटकं नाक देवीच्या पायरीला टेकलं. मामांनी मागची दोरी ओढली, तसा तो सावकाश उठून उभा राहिला. झाकणं धडाधड उडाली. पहिलं पान साडूनंच पकडलं.

पाटलांनी मानाचा नारळ मामांच्या हातात दिला. मामा तो घेऊन वळले, आणि सगळ्या गावादेखत बायकोसमोर नीट मान खाली घालून, पाठ गोल करून वाकले. पाठीत 'कट्' असा आवाज झाला. पंगतीच्या टोकापर्यंत गेला.

"सतरावा," सुतारीण नारळ हातात घेत म्हणाली. "जेवण झालं की घरी या, तेल लावते."

तात्पर्य: ज्याच्यात सांधाच नाही तो ताठ दिसतो खरा, पण वाकायची वेळ आली की थेट आडवाच होतो. आणि जाणत्या माणसानं बंडी काढायला सांगितली, तर 'आत्ता?' असं विचारू नये.