उजव्या हाताची जागा

बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची हवी तर आधी परीक्षा, असा त्या दवाखान्याचा नियमच होता. परीक्षा यंत्रावरची. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा आणि आत दिसणाऱ्या बाजारातून खुर्ची चालवून दाखवायची.

"खोली विसरा," डॉक्टर साळगावकर ऐटीत म्हणाले. "आत दिसेल ते खरं समजायचं. या यंत्रापुढे कुणाची लबाडी चालत नाही!"

मल्लाप्पा आजोबांनी म्हशीला वळसा घातला, हातगाडी चुकवली, कुणाला धक्का लागू दिला नाही. पण खुर्ची गोगलगायीच्या चालीनं, तीही रस्त्याच्या डाव्या कडेनं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नापास! उजवीकडे एवढी मोकळी जागा असताना कडेनं काय रांगता?"

"मोकळी कुठली? तिथं आमची इराक्का चालते. तिचा गुडघा दुखतो, म्हणून हळू."

"अहो, तिथं कुणीच नव्हतं!"

"म्हैस तरी कुठं होती, डॉक्टर? नसलेल्या म्हशीला जपलं तर पास, आणि असलेल्या बायकोला जपलं तर नापास होय?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी खुर्ची मंजूर केली.

बाहेर बाकावर इराक्का वाट बघत होती. डॉक्टर स्वतः दारापर्यंत सोडायला आले, पण आजोबांच्या डाव्या बाजूनं.